टोचून घ्यावे की न घ्यावे? मुंबईचा प्लेग आणि हाफकिनची लस

१८९७ सालच्या फेब्रुवारीत मुंबईच्या चाळीत राहणाऱ्या एखाद्या गिरणी कामगारापुढे जो प्रश्न उभा ठाकला, तो त्याच्या वाडवडिलांपैकी कोणापुढेही आला नव्हता. शेजारच्या खोलीतला माणूस जांघेत गाठ येऊन चार दिवसांत गेलेला. गावी पळावे तर रोजगार बुडतो, राहावे तर जिवाची शाश्वती नाही. अशातच बातमी येते, की भायखळ्याला एका परदेशी साहेबाने नवे औषध तयार केले आहे. ते आधी दंडात टोचून घेतले, तर हा रोग बहुधा होत नाही. औषधाचे वय जेमतेम काही आठवडे. टोचून घ्यावे की न घ्यावे? हा धागा त्या प्रश्नाचा.

सुरुवात सप्टेंबर १८९६ ची. मांडवी बंदराच्या परिसरात, धान्याच्या वखारींच्या आसपास, माणसे एका विचित्र तापाने दगावू लागली होती. मूळचे गोव्याचे डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस यांनी हा गाठीचा प्लेग आहे, असे निदान केले आणि २३ सप्टेंबरला ते महापालिकेच्या स्थायी समितीपुढे मांडले. आधी कोणी मानायला तयार नव्हते. प्लेगचे नाव निघताच बंदराचा व्यापार बसणार, हे सर्वांना कळत होते. पण निदान खरे ठरले. पुढच्या पाच महिन्यांत शहराची जवळजवळ निम्मी वस्ती बोटींनी, आगगाड्यांनी आणि पायी चालत मुंबईबाहेर पडली. जाताना ती रोगही घेऊन गेली.

त्या काळी मराठी वृत्तपत्रांत या रोगाला ‘ग्रंथिक सन्निपात’ असे भारदस्त नाव होते. लोकांच्या तोंडी मात्र तो ‘गाठीचा ताप’. जंतूचा शोध लागून दोनच वर्षे झाली होती. १८९४ मध्ये हाँगकाँगच्या साथीत येर्सिन आणि कितासातो या दोन शास्त्रज्ञांनी तो पाहिला होता. पण तो जंतू माणसापर्यंत पोहोचतो कसा, हे १८९७ मध्ये कोणालाच उलगडलेले नव्हते. उंदरांवरच्या पिसवांचा संबंध पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत दाखवला, आणि तोही सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षे गेली. म्हणजे सरकार गटारे धूत होते, भिंतींना चुना फासत होते, घरांची छपरे उचकटून आत ऊन सोडत होते. आणि रोग मात्र बिळांतून फिरत होता. प्रसाराचा मार्ग ठाऊक नसताना प्रतिबंधक लस आधी तयार झाली, हा या प्रकरणातला पहिला विशेष.

लस करणारे होते वाल्डेमार मोर्डेकाय हाफकिन. जन्म १८६०, ओडेसा. यहुदी कुटुंब, त्यामुळे झारच्या रशियात पुढची वाट बंद. तिथून पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये. १८९२ मध्ये त्यांनी पटकीची लस तयार केली आणि पहिली टोचणी स्वतःला करून घेतली. १८९३ पासून ते हिंदुस्थानात बंगाल, आसाम आणि उत्तरेकडच्या प्रांतांत पटकीच्या लशीचे प्रयोग करत फिरत होते. मुंबईत प्लेग उसळल्यावर ऑक्टोबर १८९६ मध्ये सरकारने त्यांना बोलावून घेतले. एक गोष्ट मुद्दाम नोंदवायला हवी: हाफकिन वैद्यकीय पदवीधर नव्हते, ते प्राणिशास्त्रज्ञ होते. सरकारी वैद्यकीय खात्यातल्या इंग्रज अधिकाऱ्यांना हा ‘बाहेरचा’ माणूस कधीच मनापासून रुचला नाही. पुढे त्याची किंमत त्यांना मोजावी लागली.

ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक लहान खोली आणि तिच्या बाहेरचा बोळ मिळाला. मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई. एवढ्या सामग्रीवर तीन महिन्यांत लस तयार झाली. पद्धत ऐकण्यासारखी आहे. मांसाच्या सारात प्लेगचे जंतू वाढवायचे. हिंदू आणि मुसलमान दोघांच्याही भावना दुखावू नयेत, म्हणून गाय आणि डुक्कर टाळून शेळीचे मांस वापरले. त्या सारावर तुपाचा पातळ थर तरंगत ठेवायचा. जंतू त्या तुपाला धरून खाली लोंबत्या झुंबरांसारखे वाढत. अधूनमधून भांडे हलवले, की ती झुंबरे तळाशी पडत आणि वर नवी वाढ सुरू होई. काही आठवड्यांनी सगळे तापवून जंतू मारायचे आणि टिकण्यासाठी थोडे कार्बोलिक आम्ल घालायचे. झाली लस. प्रयोगशाळेतल्या त्या तुपाची कथा लोकांना सांगितली असती, तर निम्म्या अफवा कदाचित उठल्याच नसत्या. पण लोकांना काही समजावून सांगण्याची सरकारची तेव्हा रीत नव्हती.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी स्वतःला ही लस टोचून घेतली. मात्रा १० घन सेंटीमीटर, म्हणजे पुढे सर्वसाधारण माणसासाठी ठरली तिच्या तिपटीहून अधिक. कडक ताप आला, हात सुजला, ठणका लागला आणि सगळे उतरले. त्यानंतर कॉलेजातले काही डॉक्टर आणि शहरातली काही प्रतिष्ठित माणसे पुढे आली.

लगेच कसोटीची वेळ आली. जानेवारीच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. ३० जानेवारीला तिथल्या राजी असलेल्या सुमारे दीडशे कैद्यांना लस टोचली. त्यांच्याहून थोड्या अधिक कैद्यांनी नको म्हटले. पुढच्या दिवसांत न टोचलेल्यांपैकी १२ जण आजारी पडले आणि ६ दगावले. टोचलेल्यांत २ आजारी पडले, दगावला एकही नाही. टोचले त्याच दिवशी ज्यांच्या अंगी रोगाची लक्षणे दिसली, त्यांना या हिशेबातून वगळले होते. शास्त्राच्या दृष्टीने ते रास्तच, कारण त्यांना रोग आधीच जडलेला होता. पण शेजारी बसलेल्या कैद्याला काय दिसले असेल? सकाळी सुई, संध्याकाळी गाठ. साथीच्या काळातल्या प्रत्येक लशीला हा शाप असतोच. ज्यांना टोचले त्यांतले काही आधीच रोगाच्या विळख्यात असतात आणि त्यांचे मरण सुईच्या माथी लागते.

कैद्याची संमती ही कितपत संमती, हा प्रश्न आजचा वाचक विचारेल, आणि तो विचारायलाच हवा. त्या काळी तो फारसा कोणी विचारला नाही. निम्म्या कैद्यांनी नकार दिला आणि तो मान्य झाला, एवढे मात्र खरे.

आता चाळीतल्या माणसाकडे परत येऊ. ‘टोचणे’ हा शब्द त्याला नवा नव्हता. मुंबईत देवीची लस १८०२ पासून टोचली जात होती. १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला हिंदुस्थानातली पहिली लस मिळाली, तीही याच शहरात. पण देवीची लस तोवर शंभर वर्षांची होत आलेली. तिचे व्रण घेऊन म्हातारी झालेली माणसे गल्लोगल्ली दिसत. प्लेगची लस टोचून घेऊन वर्षभर जगलेला एकही माणूस जगात नव्हता. शिवाय लस घेतली की एक-दोन दिवस ताप, दंड सुजून जड. रोजंदारीवर राबणाऱ्याच्या लेखी हा सरळ दोन-तीन दिवसांचा खाडा. उलट बाजूला रोग असा, की गाठ आलेल्यांतले बहुसंख्य वाचत नसत आणि त्यावर उपाय म्हणून काहीच हाती नव्हते. तराजूची दोन्ही पारडी जड होती.

त्यात अफवांची भर. टोचल्यावर माणूस जागीच मरतो. जागीच नाही मेला तर सहा महिन्यांनी मरतो. पुरुषाचे पुरुषत्व जाते. बायका वांझ होतात. सुई हातभर लांब असते. इस्पितळांविषयी तर याहून भयंकर बोलले जाई. आत नेलेल्या माणसांना उलटे टांगून त्यांच्या अंगातून ‘मोमियाई’ काढतात, ही जुनी दंतकथा प्लेगमध्ये पुन्हा जिवंत झाली. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी सुमारे हजार गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या साथीच्या रुग्णालयावर हल्ला केला, त्यामागे हीच भीती होती.

या अफवांना अडाणीपणा म्हणून झटकून टाकणे सोपे आहे. इंग्रज अधिकाऱ्यांनी तेच केले. पण रुग्णालयात नेलेला माणूस बहुधा परत येत नव्हता, ही अफवा नव्हती. ४ फेब्रुवारी १८९७ च्या साथरोग कायद्याने सरकारला घरात घुसण्याचा, माणसे उचलण्याचा, सामान जाळण्याचा अधिकार मिळाला होता, हीही अफवा नव्हती. पुण्यात वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या हाताखाली गोरे सोजीर घरोघर शिरले, देवघरे आणि माजघरे तुडवली गेली. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली, ती याच संतापातून. मुंबईत ९ मार्च १८९८ रोजी मदनपुऱ्यात मुसलमान विणकरांच्या वस्तीत एका आजारी मुलीला न्यायला पथक आले आणि दंगल पेटली.

इथे एक बारकावा सुटून जातो. हे सगळे सक्तीचे होते: झडती, विलगीकरण, रेल्वे स्थानकावरची तपासणी. लस मात्र सक्तीची नव्हती. मुंबई सरकारने ती शेवटपर्यंत ऐच्छिकच ठेवली. तरीही सक्तीने कमावलेला सगळा अविश्वास लशीच्या वाट्याला आला, कारण सुई धरणारा हात आणि दार फोडणारा हात एकाच सरकारचा होता. दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो. इथे तर दूध आणि ताक एकाच भांड्यातून येत होते.

मग सरकारने एक युक्ती केली. लस घेतलेल्यांना दाखला द्यायचा, आणि दाखला असेल तर विलगीकरणाच्या छावणीतून किंवा प्रवासातल्या काही निर्बंधांतून सूट. कागदोपत्री लस ऐच्छिकच राहिली. प्रत्यक्षात अनेकांनी सुई पत्करली ती प्लेगच्या भयाने नव्हे, छावणीच्या भयाने. २०२१ मध्ये लशीचे प्रमाणपत्र दाखवून लोकल गाडीत चढलेल्या मुंबईकरांना यातले बरेच ओळखीचे वाटेल.

लोकांचे मत वळवण्यात ज्यांना यश आले, ते सरकारबाहेरचे होते. खोजा इस्माइली समाजाचे धर्मगुरू आगा खान, सुलतान महंमद शाह, तेव्हा अवघे एकोणीस वर्षांचे होते. त्यांनी आपल्या अनुयायांच्या देखत लस टोचून घेतली. एकदा नव्हे, अनेकदा. टोचणीनंतर आपण धडधाकट आहोत, हे लोकांत मिसळून दाखवले. पुढे आपली ‘खुश्रू लॉज’ ही वास्तू त्यांनी हाफकिन यांना प्रयोगशाळेसाठी दिली. हजारो खोजांनी लस घेतली आणि त्या समाजातले मृत्यू ठळकपणे कमी राहिले. विज्ञानाने पटले नसते ते विश्वासाने पटले, असे म्हणता येईल. पण मग हेही मान्य करावे लागते, की गुरूने नको म्हटले असते तर त्याच विश्वासाने उलटे घडले असते.

पुरावा हळूहळू साठत होता. पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या दमणमध्ये १८९७ च्या वसंतात प्लेग शिरला, तेव्हा पोर्तुगीज सरकारने गावाभोवती लष्कराचे कडे उभारले. माणसांना बाहेर पळता येईना. साथीच्या दृष्टीने हे भयंकर, पण आकडे मोजायला नेमके सोयीचे. कड्यात अडकलेल्यांपैकी सुमारे २,२०० जणांनी लस घेतली, त्यांतले ३६ दगावले. न घेणारे सुमारे ६,०००. त्यांतले १,४८२ दगावले. दर शंभरात दोनहून कमी विरुद्ध दर शंभरात जवळजवळ पंचवीस.

तरीही शंका उरतेच. लस घेणारे कदाचित खाऊन-पिऊन सुखी, मोकळ्या घरांत राहणारे असतील? मग ते लशीमुळे वाचले की घरामुळे? या शंकेचे उत्तर शोधायला हाफकिन आणि त्यांचे सहकारी बॅनरमन फेब्रुवारी १८९८ मध्ये बडोदे संस्थानातल्या उंधेरा गावी गेले. सयाजीराव गायकवाडांचे राज्य होते. गावात प्लेग आधीच पसरलेला. त्यांनी घरोघरची माणसे मोजली आणि प्रत्येक कुटुंबाचे दोन भाग केले. पुरुष, बायका, मुले, अशक्त माणसे, सगळे दोन्हींकडे शक्य तितके सारखे. एका भागाला लस, दुसऱ्याला नाही. एकच छप्पर, एकच चूल, एकच पाणी.

पुढच्या काळात २८ घरांत प्लेग आला. त्या घरांत लस घेतलेले ७१ जण होते. ८ आजारी पडले, ३ दगावले. न घेतलेले ६४. २७ आजारी पडले आणि २६ दगावले. आधुनिक वैद्यकात ज्याला नियंत्रित चाचणी म्हणतात, तिचा हा अगदी आरंभीचा आणि अतिशय देखणा नमुना. देखणा हा शब्द वापरताना मात्र त्या २६ जणांचा विसर पडू नये. त्यांनी नको म्हटले नव्हते. ते वाटणीत दुसऱ्या बाजूला आले होते. पाचशेहून अधिक लोकांना टोचणारी लस उरलेल्यांनाही टोचता आली असती. पण मग ती खरोखर उपयोगी आहे की नाही, हे कोणालाच खात्रीने सांगता आले नसते. हा पेच सुटलेला नाही.

१८९८ मध्येच हुबळीत डॉ. ल्युमन यांनी शहराची बहुतांश वस्ती टोचून घेतली, अनेकांना दोनदा. तिकडे हिंदुस्थान सरकारने प्राध्यापक फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग आयोग नेमला. आयोगाचा निष्कर्ष मोजून-मापून होता: लस रोगाचे आणि मृत्यूचे प्रमाण निश्चित कमी करते, पण संरक्षण पूर्ण नाही; मात्रा ठरवण्याची पद्धत ढोबळ आहे; अनेक ठिकाणचे आकडे सदोष आहेत. हाफकिन यांना हे झोंबले. आज वाचताना मात्र आयोग बराचसा बरोबर होता, असेच वाटते. १० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये प्लेग संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली, आणि त्या बोळातल्या कारखान्यातून लाखो मात्रांचा कारखाना उभा राहिला.

आणि मग मुलकोवाल.

१९०२ मध्ये पंजाबात लसीकरणाची प्रचंड मोहीम आखली गेली. लशीची मागणी एकदम वाढली आणि परळच्या प्रयोगशाळेत निर्जंतुकीकरणाच्या पद्धतीत बदल झाला: कार्बोलिक आम्लाऐवजी फक्त उष्णतेवर भिस्त. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटचीही तीच पद्धत होती. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी मुलकोवाल या गावी १०७ जणांना पाच बाटल्यांतली लस टोचली. आठवडाभरात त्यांपैकी १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सगळे मेले. एकोणीसही जणांना एकाच बाटलीतली लस मिळाली होती. बाकीच्या चार बाटल्यांतल्या लशीने कोणालाही अपाय झाला नाही.

चौकशी आयोगाने ठपका ठेवला तो प्रयोगशाळेवर: बाटली उघडण्याआधीच लस दूषित झाली असावी. हाफकिन यांना संचालकपदावरून दूर केले गेले आणि १९०४ मध्ये त्यांनी हिंदुस्थान सोडला. पण त्या दिवशीचा एक तपशील कागदपत्रांत होता. त्या बाटलीचे बूच काढायचा चिमटा जमिनीवर पडला होता आणि मदतनिसाने तो ज्योतीवर न धरता नुसता औषधी पाण्यात बुचकळून वापरला होता. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात. शिवाय बाटली कित्येक आठवड्यांपूर्वी भरलेली. जंतू तेव्हाच शिरले असते, तर लशीला दुर्गंधी यायला हवी होती. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटने असाच अभिप्राय दिला. हिवतापाचे संशोधक रोनाल्ड रॉस यांनी वृत्तपत्रांतून हाफकिन यांची बाजू लावून धरली. जुलै १९०७ मध्ये दहा नामवंत जंतुशास्त्रज्ञांनी ‘द टाइम्स’मध्ये संयुक्त पत्र लिहिले आणि अखेर त्याच वर्षी हाफकिन निर्दोष ठरले. ते कलकत्त्याला परतले, पण त्यांच्या हाती पुन्हा तशी मोहीम कधी आली नाही. १९३० मध्ये लोझानला त्यांचे निधन झाले. त्याच्या पाच वर्षे आधी, १९२५ मध्ये, परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव दिले गेले होते.

पंजाबातल्या खेड्यांना ‘द टाइम्स’ची पत्रे वाचायला मिळाली नाहीत. त्यांना ठाऊक होते ते मुलकोवालचे एकोणीस मृत्यू. टोचणीचे तंबू ओस पडले आणि मोहीम बसली ती बसलीच. ज्या वर्षी हाफकिन निर्दोष ठरले त्या १९०७ मध्ये हिंदुस्थानात प्लेगने सुमारे तेरा लाख माणसे गेली. त्यांतली सहा लाखांहून अधिक एकट्या पंजाबातली होती.